रिपीटच्या आधी एक बॅच

जालना

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. बारावी चांगली गेली, पण नीटचे मार्क सरकारी कॉलेजपर्यंत पोचले नाहीत. पप्पा म्हणतात, लातूरला अजून एक वर्ष रिपीट कर. तुझा जीव मात्र मामाच्या शेडमध्ये, तुतीच्या पाल्यावर वाढणाऱ्या रेशमाच्या अळ्यांत अडकलाय आणि ते घरात बोलायची चोरी. पाहुणेरावळे काय म्हणतील? एवढं लातूरला शिकली आणि अळ्या पाळायला आली!

पाहुण्यांचं सोडून दे, पप्पांचं सोडू नकोस. सोयाबीनच्या पट्टीतून क्लासची फी आणि मेसचे पैसे भरलेला माणूस आहे तो. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते त्यांनी पाहिलंय. अशा मुलखातला बाप लेकरासाठी पगार मागणारच. म्हणून त्यांच्यासमोर नुसतं 'मला आवड आहे' म्हणून जाऊ नकोस. मी आयटीआयत निदेशक होतो. फिटर व्हायचंय म्हणणाऱ्या पोराच्या हातात मी आधी कानस द्यायचो आणि लोखंडाचा तुकडा काटकोनात घासायला लावायचो. दुपारपर्यंत कोण टिकणार ते दिसायचं. कुठल्याही धंद्यात कंटाळ्याचं कामच जास्त असतं, आणि ते तुला झेपतंय का, हे बाकी कशाहीआधी बघावं असं माझं मत आहे.

मामाकडे तू आजवर सुट्टीत, भाची म्हणून गेलीस. आता एक अख्खी बॅच मजुरासारखी कर. अंडी फुटल्यापासून कोष होईपर्यंत साधारण २५ ते २८ दिवस लागतात. त्यातल्या पहिल्या दोन अवस्था चॉकीच्या, म्हणजे अळीच्या बाळपणाच्या. मामा बहुतेक चॉकीच्या अळ्या विकत आणत असेल, तर त्या शेडवर उतरल्यापासून धर. अळ्या कातीवर बसल्या, म्हणजे कात टाकायला थांबल्या, की पाला बंद आणि वरून चुना. कातीतून उठल्या की विजेता ही जंतुनाशक पावडर, मग पाला. शेवटच्या अवस्थेत तर आयुष्यभराच्या पाल्यातला ८० टक्क्यांहून जास्त पाला त्या एका आठवड्यात फस्त करतात. पहाटे फांद्या तोडायच्या, भारे वाहायचे, संध्याकाळी पुन्हा तेच. घरात लग्न असो की ताप, अळीला सुट्टी माहीत नाही. शेजारच्या वावरात कपाशीवर फवारा मारला आणि वारं तुमच्याकडं फिरलं, तर सगळा खेळ खलास. अळीवर अंडी घालून तिला मारणारी उझी माशी आत आली, तर जाळी कुठं फाटली ते बॅटरी घेऊन शोधत बसायचं.

मग अळ्यांना कोष विणायला ठेवायची जाळी, म्हणजे चंद्रिका, मग कोष, मग बाजार. आपल्या लोकांना कोष घेऊन थेट कर्नाटकात रामनगरला जावं लागायचं. २०१८ पासून जालन्यातच बाजार सुरू झाला. कोष विकायला तू स्वतः ये. लांबून सगळे ढीग सारखेच पांढरे दिसतात, पण व्यापारी मूठभर उचलतो, डागी आणि पोचट कोष बाजूला काढतो आणि तिथंच भाव ठरतो. महिनाभर चुना वेळेवर पडला का, हे त्या मुठीत कळतं.

सगळा हिशेब वहीत मांड: अंडीपुंज किती, कोष किती किलो, भाव काय, चुना-पावडर, गाडीभाडं. तुझी आणि मामीची मजुरीही लाव. आपल्याकडं घरच्या बाईची मजुरी कुणी धरत नाही, म्हणून निम्मे धंदे फायद्यात दिसतात. आणि मोबाइलवरचे 'एकरी इतके लाख'वाले व्हिडिओ बघू नकोस, त्यात मेलेली बॅच कधी दाखवत नाहीत.

महिन्यानंतरही मन तिथंच असेल, तर मला वाटतं तू कोषापेक्षा चॉकीकडं, म्हणजे लहान अळ्या वाढवून विकण्याकडं बघ. जमीन कमी लागते. पण तापमान, दमटपणा, स्वच्छता आणि अळीचे रोग यात डोकं लागतं. तुझी बायोलॉजी तिथं कामाला येईल. त्यासाठी जिल्हा रेशीम कार्यालयात जा. तुती लागवडीला रोजगार हमीतून काय मिळतं तेही तिथंच कळेल. म्हैसूरच्या केंद्रीय रेशीम संशोधन व प्रशिक्षण संस्थेत प्रशिक्षण मिळतं. सीईटी दिली असशील, तर बीएस्सी ॲग्रीचा फॉर्म जरूर भर. परभणीच्या कृषी विद्यापीठात रेशीम संशोधन चालतं. तेही नाही जमलं, तर मुक्त विद्यापीठाची पदवी काम करता करता होते. पदवी सोडू नकोस, पुढे कर्ज काढताना नाही तर सोयरीक जमवताना लोक तीच विचारतात. (तुला हसू येईल, पण विचारतात.)

आणि अळ्यांचा वीट आला तर? बिनधास्त सांग, महिनाच गेला. बारावी सायन्सवर पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. संभाजीनगरला विद्यापीठात नाट्यशास्त्र आहे. परकी भाषा शिकून लेणी दाखवणारे गाइड आहेत. पण तिथंही आधी आठ दिवस कुणामागं फिर. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी, म्हणजे जगाचा रविवार तो तुझ्या कामाचा दिवस. नीटला तर कितीदाही बसता येतं, मन झालं तर पुढच्या वर्षी बस.

पप्पांना म्हणावं, क्लासची फी एक महिना थांबवा, मी फोन करतोच. कोष विकायच्या दिवशी त्यांना सोबत आण, वही त्यांच्याच हातात दे, आणि मी बाजाराच्या फाटकाजवळ असेन. मामालाही घेऊन ये, त्या फाटक्या जाळीबद्दल त्याच्याशी जरा बोलायचंय.

तुझा
काका