फोटो पाठवला की नक्षी गायब!

प्रश्न : ताई, आम्ही सोलापूरचे, घरचाच चादरींचा छोटा धंदा आहे, गिऱ्हाईकाला फोटो पाठवला की नक्षी नुसती गिचमिड दिसते ओ, मोबाईल तर चांगलाय, काय करू?

उत्तर : अहो दादा, मोबाईलला कशाला बोल लावताय! 12 मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे साधारण 4000 बाय 3000 ठिपके, व्हॉट्सॲपच्या चॅटमध्ये नुसता टाकला की ॲप त्याला दाबून बारीक करतं आणि जकार्डच्या, म्हणजे विणतानाच उठवलेल्या नक्षीतल्या, मोराची पिसं आधी जातात. क्लिपच्या चिन्हावर दाबून 'डॉक्युमेंट' मधून टाका, जसाच्या तसा जातो, डेटा तेवढा जास्त लागतो. आणि ट्यूबलाइटखाली नका काढू, सकाळी दारात चादर पसरा आणि लेन्स पुसा बरं का, सुताची तूस बसलेली असतेच.