७२ पिनांची जुनी रॅम: ती किती एमबीची आणि कोणत्या संगणकाची हे कसे ओळखावे?

आपल्या प्रश्नाचा सारांश असा, की जुन्या सामानात रॅमची एक हिरवी पट्टी सापडली आहे. कडेला ७२ पिना, एकाच बाजूला आठ चिप्स आणि प्रत्येक चिपवर ‘एचएम ५११७४००बीएस६’ असा क्रमांक आहे. विक्रेत्याच्या वॉरंटीच्या स्टिकरवरील मजकूर पुसट झाल्यामुळे क्षमता समजत नाही, आणि ती कशात चालेल की टाकून द्यावी, असे आपण विचारले आहे.

कृपया टाकून देऊ नका. आपण दिलेल्या माहितीवरून ती १६ एमबीची, पॅरिटी (चूक ओळखण्यासाठीचे जादा बिट) नसलेली, ६० नॅनोसेकंद वेगाची, ‘फास्ट पेज मोड’ या जुन्या प्रकारची सिम, म्हणजे चिप्स बसवलेली रॅमची पट्टी, आहे. स्टिकर गेले याचे वाईट वाटून घेण्याचे कारण नाही. ते विक्रेता हाताने चिकटवत असे, तर चिपवरील क्रमांक कारखान्यात छापलेला असतो, आणि मतभेद झाल्यास मी नेहमी चिपवरच विश्वास ठेवतो.

प्रथम आकाराची खात्री करून घ्या. ७२ पिनांच्या सिमची लांबी सुमारे १०.८ सेंटिमीटर असते, तिच्या खालच्या कडेच्या बरोबर मध्यावर एक खाच असते आणि पहिल्या पिनेकडील कोपरा कापलेला असतो. तिच्या आधीची ३० पिनांची सिम सुमारे ८.९ सेंटिमीटरची असते, तर नंतर आलेली १६८ पिनांची ‘डिम’ ही रॅमची पट्टी सुमारे १३.३ सेंटिमीटर लांब असून तिला दोन खाचा असतात. मल्टिमीटर असेल तर आणखी एक तपासणी करता येते: सिममध्ये समोरची पिन आणि तिच्या नेमकी मागची पिन एकमेकींना जोडलेल्या असतात, डिममध्ये त्या स्वतंत्र असतात.

आता क्षमतेकडे वळू. ‘एचएम’ ही हिताचीची खूण आहे. सॅमसंगच्या त्या काळच्या चिप्सवर ‘केएम’, ह्युंदाईच्या चिप्सवर ‘एचवाय’ आणि मायक्रॉनच्या चिप्सवर ‘एमटी’ आढळते. ५११७४०० हा क्रमांक ४० लाखांहून अधिक, नेमके सांगायचे तर ४१,९४,३०४ पत्ते आणि प्रत्येक पत्त्यावर ४ बिट अशी रचना असलेल्या चिपचा आहे, म्हणजे एका चिपमध्ये १६ मेगाबिट मावतात. अशा आठ चिप्सचे १२८ मेगाबिट झाले, आणि आठ बिटांचा एक बाइट या हिशेबाने ते १६ मेगाबाइट भरतात. दुसऱ्या बाजूने पडताळून पाहिले तरी हिशेब जुळतो, कारण आठ चिप्सचे प्रत्येकी ४ बिट मिळून ३२ बिट होतात आणि ७२ पिनांच्या साध्या सिमची रुंदी तेवढीच असते. पॅरिटी असती तर ही रुंदी ३६ बिट झाली असती आणि जास्तीच्या चिप्स दिसल्या असत्या. पट्टीच्या मागच्या बाजूलाही अशाच आठ चिप्स निघाल्या, तर मात्र ती ३२ एमबीची समजावी. म्हणून एकदा उलटून पाहा.

क्रमांकाचा शेवटचा अंक सर्वांत जास्त फसवतो. हिताचीच्या या मालिकेत ५११७४०० म्हणजे फास्ट पेज मोड आणि ५११७४०५ म्हणजे ईडीओ, हा त्यानंतरचा थोडा वेगवान प्रकार. बाहेरून पाहता दोन्ही पट्ट्या हुबेहूब सारख्या दिसतात. छपाई झिजलेली असेल तर ० आणि ५ यांत सहज गल्लत होते, त्यामुळे तिरप्या प्रकाशात, भिंगाखाली आणि एकाहून अधिक चिप्सवर तो अंक वाचावा, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. शेवटचा ६ हा ६० नॅनोसेकंदांचा निर्देश आहे. ७ असता तर ७० नॅनोसेकंद समजले असते.

ही पट्टी ४८६ प्रोसेसरच्या, ७२ पिनांचे स्लॉट असलेल्या मदरबोर्डांत एकटीही चालते, कारण त्या प्रोसेसरची डेटा बस, म्हणजे माहितीची ने-आण करणारी वाट, ३२ बिटांची आहे. पेंटियमची बस ६४ बिटांची असल्याने तेथे एकसारख्या दोन पट्ट्या जोडीने लावाव्या लागतात आणि एकच लावली तर संगणक सुरूच होत नाही. ईडीओसाठी बनवलेले पेंटियमचे बोर्ड सहसा फास्ट पेज मोडही स्वीकारतात, पण एकाच जोडीत दोन प्रकार मिसळू नयेत. संगणकाखेरीज अकाई एस २००० सारख्या सॅम्पलरमध्येही (आवाज साठवून ते वाजवणाऱ्या संगीतयंत्रातही) ७२ पिनांच्याच सिम लागतात, आणि ही यंत्रे जपून वापरणारे संगीतकार आजही आहेत.

लावून पाहण्यापूर्वी वीज पूर्ण तोडा, संगणकाच्या धातूच्या सांगाड्याला हात लावून अंगावरील स्थिर विद्युत उतरवा आणि पिना आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून वाळू द्या. सिम स्लॉटमध्ये तिरपी ठेवून मग उभी करायची असते. सरळ वरून दाबल्यास स्लॉटच्या बाजूच्या प्लॅस्टिकच्या पकडी तुटतात, आणि तसे सुटे स्लॉट आता मिळणे फार अवघड आहे. संगणक सुरू होताना पडद्यावर मोजली जाणारी मेमरी १६ एमबीने वाढली, की फ्लॉपीवरून चालणारी, मेमरी तपासणाऱ्या मेमटेस्ट८६ या प्रोग्रॅमची जुनी आवृत्ती रात्रभर चालवून पाहावी. त्यात एकही चूक आली नाही, तर पट्टी धडधाकट आहे असे समजून ती वापरायला हरकत नाही.