रसाचा उपास एका दिवसाचा, पारणं आठवड्याचं

तुम्ही विचारलंय की लग्नकार्याला तीन आठवडे राहिलेत, रस काढायचं कोल्ड प्रेस मशीन नुकतंच घेतलंय आणि सोमवारपासून सात दिवस नुसत्या ताज्या रसावर राहायचा बेत आहे. सासूबाईंना मधुमेह आहे, पण त्याही बरोबर करू म्हणतात. शरीर आतून साफ होईल का, वजन किती उतरेल आणि एकूणच घरचा स्वयंपाक आरोग्याचा कसा करायचा, हेही विचारलंय.

सासूबाईंचं आधी सांगते, कारण तिथे चूक झाली तर निस्तरायला वेळ मिळत नाही. त्यांना हा उपास करू देऊ नका. एक दिवससुद्धा नाही.

सात वर्षांपूर्वी जानेवारीत मी स्वतः तीन दिवस रसावर राहिले होते. गाजरं स्वस्त होती, संत्री रसाळ होती, उत्साह होता. दुसऱ्या दिवशी यजमान मला सोबत म्हणून सकाळचे पोहे न खाता ग्लासभर रसच प्यायले. मधुमेहाची सकाळची गोळी मात्र रोजच्यासारखी घेतली. साडेबाराला ते खुर्चीतून उठता उठता थबकले. कपाळ घामाने डबडबलेलं, शर्टाची कॉलर ओली आणि बोटं इतकी थरथरत होती की ग्लुकोमीटरची पट्टी त्यांना डबीतून काढता येईना. मीच बोट टोचलं. रक्तातली साखर आली 58, म्हणजे फारच खाली. तीन चमचे साखर थोड्या पाण्यात ढवळून पाजली, पंधरा मिनिटांनी परत मोजलं तेव्हा 84 होते. मग वरणभात कालवून दिला. त्या दिवशी मी घरात नसते तर काय झालं असतं, हा विचार अजूनही मनातून जात नाही.

डॉक्टरांनी नंतर नीट समजावलं. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात. पोटात जेवण आहे की नाही, हे त्या गोळीला कळत नाही. नाश्ता गेला आणि गोळी राहिली की साखर खाली जाते. पण रस तर गोड असतो, मग साखर खाली कशी, असं मलाही वाटलं होतं. रसातली साखर भर्रकन चढते आणि तशीच उतरते, तिला धरून ठेवायला चोथा नसतो. पुढे एका रविवारी, डॉक्टरांना विचारून, आम्ही घरीच मोजून पाहिलं. गाजर, बीट आणि सफरचंदाचा एक ग्लास रस घेण्याआधी त्यांची साखर 122 होती, तासाभराने 218. दुसऱ्या रविवारी तेवढीच गाजरं कोशिंबिरीत, दाण्याचं कूट घालून, एका भाकरीबरोबर खाल्ली. तासाभराने 164. ही एका माणसाची मोजणी आहे, पण आमच्या घरात तेव्हापासून वाद उरला नाही.

इन्सुलिन किंवा रक्तदाबाची औषधं घेणारे, मूत्रपिंडाचा त्रास असणारे, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका, वाढीची मुलं, या सगळ्यांनी या वाटेला जाऊ नये. रक्त पातळ करणारी वॉरफॅरिनची गोळी चालू असेल तर अचानक रोज पालकाचा रस सुरू करणंही धोक्याचं, कारण पालकातलं व्हिटॅमिन के त्या गोळीच्या विरुद्ध काम करतं. मूत्रपिंड अधू असेल तर निरागस वाटणारं नारळपाणीसुद्धा पोटॅशियममुळे त्रास देऊ शकतं.

आता तुमचं. शरीर आतून साफ करायचं काम यकृत आणि मूत्रपिंडं रात्रंदिवस करतच असतात. रस प्यायल्याने ते जास्त होत नाही. पहिल्या संध्याकाळी माझं डोकं इतकं उठलं की उजेड सहन होईना. एका मैत्रिणीने फोनवर सांगितलं, "विषारी द्रव्यं बाहेर पडतायत, सहन कर." मी सहन केलं. खरं कारण साधं होतं. रोजचे चार कप चहा मी एका दिवसात तोडले होते. चहा-कॉफी एकदम बंद केली की बारा ते चोवीस तासांत असंच डोकं धरतं.

वजनाचं म्हणाल तर तीन दिवसांत काटा 2.1 किलो खाली आला आणि मला आभाळ ठेंगणं झालं. जेवण सुरू केल्यावर पाच दिवसांत त्यातलं 1.8 किलो परत आलं. यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेन म्हणून साखरेचा साठा असतो आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी बांधलेलं असतं. साठा वापरला जातो, पाणी निघून जातं, काटा उतरतो. जेवलो की दोन्ही परत. चरबी त्यात फार थोडी. लग्नात ब्लाउज सैल व्हावा म्हणून सात दिवस उपाशी राहाल आणि मुहूर्ताच्या आत पाणी परत भरेल.

सात दिवसांना माझा खरा विरोध प्रथिनांमुळे आहे. आयसीएमआर म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या हिशेबाने मोठ्या माणसाला किलोमागे 0.83 ग्रॅम प्रथिनं रोज लागतात. माझं वजन तेव्हा 62 किलो, म्हणजे 51 ग्रॅम हवीत. दिवसाला सहा ग्लास रसातून मला जेमतेम सात-आठ ग्रॅम मिळत होती. एक दिवस शरीर सांभाळून घेतं. आठवडाभर हेच चाललं तर ते स्वतःच्या स्नायूंतून काढायला लागतं आणि आपण मात्र वजन उतरलं म्हणून खूश. शिवाय रस काढला की फळातली साखर मोकळी होते. जागतिक आरोग्य संघटना रसातल्या साखरेला वरून घातलेल्या साखरेच्याच खात्यात धरते, आणि ती शक्यतो दिवसाला 25 ग्रॅमच्या आत ठेवा म्हणते. संत्र्याच्या एका मोठ्या ग्लासातच वीसेक ग्रॅम निघतात.

मग तुम्ही म्हणाल, उरुळी कांचनला लोक रसाहार करतातच ना? करतात. गांधीजींनी 1946 साली सुरू केलेला तो निसर्गोपचाराचा आश्रम आहे, आणि माझी मावशी तिथे राहून आली आहे. पण तिथे डॉक्टरांची देखरेख असते, तिची रोज तपासणी होत होती, विश्रांती होती, आणि उपास सोडायचाही क्रम ठरलेला होता. लॅपटॉपवर दहा तास काम, मुलांचे डबे आणि रसाचा उपास हे एकत्र जमणारं नाही.

या सगळ्यातून मला काहीच मिळालं नाही असं मात्र नाही. चौथ्या दिवशी केलेली नेहमीचीच आमटी मला खारट लागली. मीठ रोजचंच होतं. जीभ तीन दिवसांत बदलली होती. त्या दिवसापासून आमच्या आमटीतलं मीठ जवळजवळ निम्मं झालं आणि आठवड्याने घरात कुणाला फरक जाणवेना. दुसरं, रोज संध्याकाळी सहाला माझा हात फरसाणाच्या डब्याकडे जातो, तो भुकेने नाही, सवयीने, हेही तेव्हाच कळलं. एवढं कळायला एक दिवस पुरतो.

म्हणून तुमची तब्येत उत्तम असेल, कसलंही औषध चालू नसेल, तर एक दिवस करा. आठवडाभर आधीपासून चहा रोज अर्धा-अर्धा कप कमी करत आणा. सुटीचा दिवस निवडा, गाडी लांब चालवायची नाही, व्यायाम नाही. सकाळी कोमट लिंबूपाणी, मग दर अडीच-तीन तासांनी ग्लासभर रस, त्यात भाज्या जास्त आणि फळं कमी. काकडी-पुदिना, गाजर-आलं-संत्रं, टोमॅटो, दोन चमचे आवळ्याचा रस पाणी घालून. दुपारी एक मोठा पेला पातळ ताक चिमूटभर मीठ-जिरं घालून घ्या. नियम मोडला तरी चालेल, पण ताक घ्या. रस काढला की लगेच प्यायचा, संध्याकाळसाठी भरून ठेवायचा नाही. चक्कर आली, छातीत धडधडलं, तर तिथेच थांबायचं आणि खायचं.

दुधीच्या रसाबद्दल हात जोडून सांगते. रस काढण्याआधी दुधीचा छोटा तुकडा जिभेवर ठेवून पाहा. जरा जरी कडू लागला तरी थुंकून टाका, चूळ भरा आणि अख्खा दुधी फेकून द्या. कडू दुधीत कुकुरबिटासिन नावाचं विष असतं. 2010 साली दिल्लीत एक शास्त्रज्ञ असाच रस पिऊन दगावले, त्यानंतर आयसीएमआरने तज्ज्ञांकडून अभ्यास करवून घेतला. दुधीचा रस दुसऱ्या कशात मिसळू नका असंही तिथे सांगितलंय, कारण संत्रं आणि मध घातला की कडूपणा लपतो. प्यायल्यावर मळमळ, उलटी, जुलाब सुरू झाले तर घरगुती उपाय न करता सरळ दवाखाना गाठायचा. पालकाचा कच्चा रस रोज घेऊ नका, त्यातलं ऑक्झलेट मूत्रपिंडाला जड जातं. बीट घेतलंत तर दुसऱ्या दिवशी लघवी गुलाबी दिसू शकते. त्याने घाबरू नका.

उपास सोडताना माझी दुसरी मोठी चूक झाली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी शेजारी हळदीकुंकू होतं. मी तिथेच दोन बटाटेवडे आणि तुपात भिजलेली गुळाची पोळी खाल्ली. रात्रभर पोटात मुरडा, पहाटे उलट्या. एकादशी दुप्पट खाशी म्हणतात ते असं. आयुर्वेदात शोधनानंतर, म्हणजे शरीरशुद्धीच्या उपचारांनंतर, जेवणावर परत यायला संसर्जन क्रम सांगितलाय, आधी पेया म्हणजे पातळ पेज, मग घट्ट विलेपी, मग मुगाचं कढण, मग हळूहळू नेहमीचं जेवण. एका दिवसाच्या उपासाला एवढं नको, पण रीत तीच ठेवा. दुसऱ्या दिवशी सकाळी भाताची पेज, दुपारी मऊ मुगाची खिचडी आणि दुधी किंवा पडवळाची भाजी, रात्री ज्वारीची भाकरी आणि वरण. तिसऱ्या दिवशी उसळ. जीभ ताजी असते त्या आठवड्यात जे बदलाल ते टिकतं, म्हणून मी उपासापेक्षा पारण्याला जास्त मानते.

त्या आठवड्यात आधी तेलाच्या डब्यावर आजची तारीख लिहा. आमच्या चौघांच्या घरात पाच लिटरचा डबा महिनाभरात संपायचा, म्हणजे माणशी रोज 38 ग्रॅम तेल. राष्ट्रीय पोषण संस्थेने आखलेल्या आदर्श ताटात माणशी दिवसाला सगळं मिळून 27 ग्रॅम धरलंय. फोडणीला बुधल्यातून ओतण्याऐवजी मी चमच्याने मोजायला लागले, चौघांच्या भाजीला तीन छोटे चमचे. आता डबा चाळीस-बेचाळीस दिवस जातो आणि भाजी मागे पडत नाही. मोहरी तडतडून कढीपत्ता, हिंग नीट फुलला की कमी तेलातही फोडणी बोलते. रविवारी रात्री दोन वाट्या मटकी भिजत घाला, सोमवारी उपसून ओल्या फडक्यात बांधा, मंगळवारी बोटभर मोड येतात. अर्धी उसळीला, उरलेली वाफवून कोशिंबिरीत. आणि कोशिंबीर पहिली वाढा. भूक लागलेली मुलं समोर येईल ते खातात.

मशीन मात्र परत करू नका. आठवड्यातून दोनदा रस काढा, छोट्या पेल्यात, जेवणाच्या जोडीला, आणि चोथा टाकू नका. मी एकदा तोलून पाहिलं होतं, किलोभर गाजरांतून साडेचारशे मिली रस निघाला आणि अर्धा किलोच्या वर चोथा कचऱ्यात जाणार होता. पैसे मोजून आणलेला बहुतेक सगळा तंतू त्यातच असतो. संत्र्याचा चोथा वेगळा काढा, तो कडवट लागतो. थालीपिठासाठी गाजर-बीट-काकडीचा एक वाटी चोथा घ्या, त्यात दोन वाट्या भाजणी, एक बारीक चिरलेला कांदा, मूठभर कोथिंबीर, ओवा, तीळ, तिखट, हळद, मीठ. पाणी आधी घालू नका. चोथ्याचा ओलावा भाजणीत मुरू द्या, मग लागेल तसं शिंपडा. ओल्या फडक्यावर हाताला पाणी लावत पातळ थापा, बोटाने पाच भोकं पाडा, फडक्यासकट तव्यावर उलटं टाकून फडकं अलगद सोडवा. प्रत्येक भोकात दोन-दोन थेंब तेल आणि वर झाकण. कडेने सोनेरी झालं आणि भाजणीचा वास दारापर्यंत आला की उलटायचं. बिटामुळे रंग लालसर येतो, मुलं तेवढ्यासाठी मागून खातात. सासूबाईंना एक द्या, वाटीभर दह्याबरोबर, आणि गोळीच्या वेळेला.