आकडे लागत नसतील तर

प्रिय,

परवा महाद्वार रोडवर वीस रुपयांच्या वस्तूला तू पाचशेची नोट काढलीस. खिशात दहा-वीसच्या नोटा होत्या, पण त्या मोजाव्या लागल्या असत्या. परत आलेले पैसेही न बघता कोंबलेस.

अशी पोरं मी बरीच बघितलीत. केएमटीच्या बसला अजून किती वेळ आहे हे घड्याळात बघून लागत नाही म्हणून अर्धा तास आधीच स्टॉपवर थांबणारी. मिसळ खाऊन झाल्यावर वाटणी निघाली की फोनचं निमित्त करून उठणारी. गल्ल्यावर बसायला सांगितलं म्हणून चांगली नोकरी सोडणारी. आकड्यांपेक्षा ही लपवाछपवी माणसाला जास्त महागात पडते, असं माझं ठाम मत आहे.

तू आळशी नाहीस, मठ्ठ तर नाहीसच. आकडे आणि हिशेब असे लागत नसतील, तर त्या अडचणीला डिस्कॅल्क्युलिया म्हणतात. अभ्यासक शंभरात साधारण तीन ते सात जणांना तो असल्याचं मानतात. तुला तोच आहे का, हे तपासणीनंतरच कळेल. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात तो अध्ययन अक्षमतेत धरलाय. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात तपासणीची चौकशी कर. प्रमाणपत्र मिळालं तर परीक्षेत जादा वेळ मागता येतो.

आपल्या मराठीत सदुसष्ट म्हटलं की सात आधी ऐकू येतो, लिहायचा मात्र सहा आधी. फोन नंबर घेताना तुझी गडबड होते ती इथंच. 'सहा, सात असं एकेक सांगा' म्हणायला लाजू नकोस. फोनवरून पैसे पाठवताना पिन टाकायच्या आधी रक्कम तोंडानं वाच. दीडशेचे पंधराशे एका शून्यानं होतात.

सगळ्यात जपायचं ते कर्जाला. 'शेकडा तीन' ऐकायला किरकोळ वाटतं, पण ते महिन्याचं असतं. दहा हजारांवर महिन्याला 300, वर्षाला 3,600 नुसतं व्याज, आणि मुद्दल तसंच उभं. कोणी घाई करत असेल तर 'वर्षाचे एकूण किती, कागदावर लिहून द्या' एवढंच म्हण. देत नसेल तर तिथून ऊठ.

कॅल्क्युलेटर चारचौघांत काढ. आणि रविवारी पगाराची स्लिप घेऊन घरी ये. पीएफ किती कापला आणि हातात किती आले, तिथूनच सुरुवात करू.

तुझा,
काका