साइडव्हीलचं किट बसत नसेल तर आधी वेल्डिंग थांबवा

ताई, मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना आधाराची चाकं लावायच्या साइडव्हील किटची भोकं तुमच्या स्कूटरच्या चेसिसशी, म्हणजे सांगाड्याशी, जुळत नाहीत म्हणून मेकॅनिक ती गॅस कटरने मोठी करायला निघाला असेल, तर त्याला आजच थांबवा. लांबट भोकात बोल्ट सरकत राहतो, आणि चेसिसवर थेट वेल्डिंग केलं की जोडाच्या कडेलाच पुढे तडा जाण्याची भीती असते. किट परत द्या, तुमच्याच मॉडेलचं मागवा. फरक अगदी किरकोळ असेल तर ब्रॅकेटमध्ये (किट चेसिसला जोडणाऱ्या पट्टीत) दुरुस्ती करा, चेसिसला हात नको. बोल्ट 8.8 ग्रेडचे, म्हणजे जास्त ताकदीचे; नट नायलॉकचे, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेले, सहज सैल न होणारे.

खरी मेख उंचीत आहे. बाजूची चाकं जास्त खाली बसवली की खड्ड्यात मधलं, म्हणजे स्कूटरचं मूळ मागचं चाक अधांतरी होतं, जागच्या जागी फिरतं, मागचा ब्रेकही निकामी ठरतो. रिकाम्या गाडीवर घेतलेलं माप फसवं! तुम्ही स्वतः बसा, मागे घरच्या कुणाला बसवा, मग उंची ठरवा. मागची तिन्ही चाकं समांतर आहेत का, ते दोरी धरून तपासा. सायलेन्सरला ब्रॅकेट घासत नाही ना, तेही बघा.

ही गाडी वळणावर कलत नाही. वेग वळणाआधीच कमी करा, अंग आतल्या बाजूला झुकवा. पहिला सराव मोकळ्या मैदानातच.

आणि आरटीओचं काम टाळू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार या बदलाची आरसीवर नोंद लागते. ती नसेल तर अपघातानंतर विम्याचा दावा अडकू शकतो.