तत्त्वज्ञानाने नाटक खरंच बदललं का, की समीक्षक नंतर नावं चिकटवतात?

तुमचा प्रश्न असा आहे की क्रिटिकल फिलॉसॉफीचा (जे आपण गृहीत धरतो त्यालाच प्रश्न विचारणारं तत्त्वज्ञान), म्हणजे कांटपासून सुरू होऊन मार्क्स, फ्रँकफर्ट स्कूल (मार्क्सच्या वाटेने समाज आणि संस्कृतीची चिकित्सा करणारे जर्मन विचारवंत), देरिदा, ज्युडिथ बटलर इथपर्यंत जे काही येतं त्या सगळ्याचा, आधुनिक नाटकावर खरोखर परिणाम झालाय का, की प्रयोग होऊन गेल्यावर समीक्षक मंडळी त्यावर जड जड नावं चिकटवतात. चिकटवाचिकटवी चालते, भरपूर चालते, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण परिणाम झालाय आणि चांगला खोलवर झालाय. अडचण अशी की बहुतेक लोक तो संवादांमध्ये शोधतात, कुठलं पात्र काय तत्त्वज्ञान बोलतंय ते बघत बसतात आणि तिथे फारसं काही हाताला लागत नाही. तो सापडतो तालमीत. नट कसा उभा राहतो, लाईट लपवायचे की दाखवायचे, बोलायचा हक्क कुणाला, प्रेक्षकाने नेमकं काय करायचं, असल्या निर्णयांमध्ये. मी हौशी नाटकांची प्रकाशयोजना करतो त्यामुळे माझी नजर आधी तिकडेच जाते, तेव्हा पुढचं सगळं त्या नजरेतून आहे असं समजा.

कांटचं उदाहरण थोडक्यात उरकतो. 1801 मध्ये क्लाइस्ट नावाच्या तरुण जर्मन लेखकाने आपल्या वाग्दत्त वधूला पत्र लिहिलं की सगळ्यांना डोळ्यांऐवजी हिरव्या काचा असत्या तर जग हिरवंच आहे असं सगळे म्हणाले असते, आणि ते जगाचं हिरवेपण आहे की काचेचं हे कुणालाच ठरवता आलं नसतं. जग आपल्याला आपल्याच मनाच्या चौकटीतून दिसतं हे कांटचं म्हणणं वाचून तो अक्षरशः हादरला होता. पुढे त्याने जी कॉमेडी लिहिली, जी 1808 ला वायमारमध्ये जर्मन कवी गटेने रंगमंचावर आणली आणि साफ पडली, तिच्यात एक न्यायाधीश अशा गुन्ह्याचा तपास करतोय जो त्याने स्वतःच केलाय. तपासणाराच तपासाच्या आत अडकलेला! मला हा संबंध पटतो, पण तो पत्रातून आणि संहितेतून जोडावा लागतो हे खरं आहे, त्यामुळे तुमची शंका इथे काही अंशी टिकते.

जर्मन नाटककार-दिग्दर्शक ब्रेश्तपाशी आलं की मात्र शंकेला जागा राहत नाही. 1926 च्या सुमारास तो धान्यबाजारावर नाटक लिहायला बसला, तो बाजार चालतो कसा ते कळेना म्हणून मार्क्स वाचायला लागला, पुढे कार्ल कोर्श या मार्क्सवादी विचारवंताकडे शिकला. तिथून त्याने उचललेली गोष्ट साधी आहे, की आजची परिस्थिती माणसांनी बनवलीय म्हणजे ती बदलताही येते, आणि मग रंगमंचावर ती नशिबासारखी, अटळ अशी दाखवणं म्हणजे खोटं बोलणं. आता हे वाक्य नाटकात आणायचं कसं? भाषण करून नाही. प्रवेश सुरू व्हायच्या आधीच पुढे काय होणार ते पाटीवर लिहून टाकायचं, म्हणजे प्रेक्षक 'काय होईल' सोडून 'असं का होतंय' याकडे बघेल. लाईट उघडे ठेवायचे. आणि तालमीत नटाने आपले संवाद तृतीय पुरुषात आणि भूतकाळात म्हणायचे, कंसातल्या सूचनांसकट, म्हणजे 'मी येणार नाही' असं वाक्य असेल तर 'तो खुर्चीवरून उठला आणि म्हणाला की तो येणार नाही'. हे एकदा करून बघा. नट आणि पात्र यांच्यात एक फट तयार होते आणि नटाला अचानक दिसायला लागतं की हा माणूस 'येतो' असंसुद्धा म्हणू शकला असता. ब्रेश्तला तेच हवं होतं, जे केलं त्याच्या मागे जे केलं नाही ते पण दिसलं पाहिजे. म्हणजे एक आख्खा तात्त्विक दावा तालमीतला व्यायाम होऊन गेला.

आणि तो दावा प्रेक्षकांसमोर अडखळला कसा हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. त्याचं 'मदर करेज' हे नाटक पहिल्यांदा 1941 मध्ये झुरिकला झालं. युद्धाच्या मागे मागे गाडी ओढत धंदा करणारी बाई, ज्या युद्धावर पोट भरते त्याच युद्धात एकेक करून तिन्ही मुलं गमावते. ब्रेश्तचं म्हणणं होतं की प्रेक्षकांनी तिचा आंधळेपणा बघावा, आणि लोकांनी बघितली ती दुःखी आई. समीक्षकांनी पण आईपणाचे गोडवे गायले. ब्रेश्तने मग संहितेत हात घातला, आधी जखमींसाठी ती आपणहून शर्ट फाडून द्यायची, नव्या संहितेत ती विरोध करते आणि शर्ट तिच्याकडून हिसकावून घ्यावे लागतात, असे तिला कठोर करणारे बदल त्याने केले. 1949 ला बर्लिनमध्ये हेलेने वायगेल या नटीने ती भूमिका केली, आणि लोक तरीही रडलेच.

पण वायगेलने जे केलं ते बघण्यासारखं आहे. नाटकाच्या शेवटी मुलगी मेलीय, पुरायची जबाबदारी शेतकऱ्यांवर सोडून हिला सैन्याच्या मागे निघायचंय. ती बटव्यातून नाणी काढते, आणि देण्याआधी त्यातलं एक नाणं परत बटव्यात टाकते. बस एवढंच! दुःख खरं आहे, सवयही खरी आहे, आणि दोन्ही एकाच हातात आहेत. बाजार माणसाच्या आत किती शिरतो यावर मार्क्सवाद्यांनी रकानेच्या रकाने लिहिलेत, आणि इथे ते एका नाण्यात मावलंय. दुसरी तिची गाजलेली जागा म्हणजे मुलाला गोळ्या घातल्याचा आवाज ऐकून तोंड उघडून, मान मागे टाकून केलेला आवाज नसलेला आक्रोश. ब्रेश्तने प्रयोगाच्या नोंदीत लिहिलंय की तो बहुधा एका वर्तमानपत्रातल्या फोटोवरून आला, सिंगापूरवरच्या भडिमारात मुलाच्या प्रेतापाशी बसलेल्या एका भारतीय बाईचा फोटो. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा बराच वेळ पुढचं वाचता आलं नाही.

फ्रँकफर्टवाल्यांमध्ये वॉल्टर बेन्यामिन ब्रेश्तचा मित्र, त्याने ब्रेश्तचं मर्म बरोबर पकडलं, की खरी ताकद कथा थांबवण्यात आहे, कारण थांबलं की परिस्थिती दिसते. त्याच गटातला अडोर्नो उलट बाजूला. 1962 मध्ये त्याने लिहिलं की ब्रेश्त राजकारण सोपं करून सांगतो आणि त्या नादात ते खोटं होतं, त्यापेक्षा काहीही न शिकवणारा नाटककार बेकेट व्यवस्थेला जास्त खोल नकार देतो. बेकेटबद्दल तो बरोबर आहे असं मला वाटतं, त्याचं 'एंडगेम' नाटक बघून बाहेर पडलेला माणूस कुठलीही घोषणा सहज देऊ शकत नाही. ब्रेश्तच्या बाबतीत मात्र तो संहिता आणि शिकवण यांच्याशीच भांडतो, वायगेलचं नाणं त्या हिशेबात येतच नाही. आणि तुमच्या 'चिकटवणे' या मुद्द्यासाठी एक किस्सा: प्रकाशक उनझेल्डने सांगितलंय की अडोर्नोने बेकेटला सांगितलं की 'एंडगेम'मधल्या पात्राचं 'हॅम' हे नाव 'हॅम्लेट'वरून आलंय, बेकेट म्हणाला नाही, मी तसं काही डोक्यात धरलेलं नव्हतं, आणि अडोर्नोने त्याच दिवशी नंतरच्या भाषणात तोच मुद्दा पुन्हा मांडला. तर हेही होतं.

आता ब्राझीलचा दिग्दर्शक आउगुस्तो बोआल, ज्याच्याबद्दल मी तासभर बोलू शकतो. तरुणपणी तो आणि त्याचे नट ईशान्य ब्राझीलमधल्या गरीब शेतकऱ्यांपुढे नाटक करायचे, शेवटी सगळे बंदुका उंचावून गायचे की जमिनीसाठी रक्त सांडू. एका प्रयोगानंतर व्हर्जिलिओ नावाचा शेतकरी भारावून आला आणि म्हणाला की जेवा आणि या बंदुका घेऊन चला, आमच्या एका माणसाची जमीन बळकावलीय, आत्ताच जाऊ. ह्यांनी सांगितलं की बंदुका नकली आहेत. तो म्हणाला हरकत नाही, आमच्याकडे खऱ्या आहेत, तुम्ही फक्त चला. मग ह्यांना सांगावं लागलं की आम्ही नट आहोत, लढणारे नाही. व्हर्जिलिओने तेव्हा जे विचारलं त्याचा आशय असा, की म्हणजे तुम्ही रक्त सांडायचं म्हणता ते आमचं रक्त, तुमचं नाही. बोआलने तिथून ठरवलं की जो धोका आपण पत्करणार नाही तो दुसऱ्याला पत्करायला सांगायचा नाही.

1971 ला लष्करी राजवटीने त्याला पकडलं, छळ केला, पुढे त्याला देश सोडावा लागला. ब्राझीलचाच शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेरीने शिक्षणाबद्दल जे मांडलं होतं, की शिकणारा म्हणजे रिकामं भांडं नाही, तेच बोआलने प्रेक्षकाला लावलं आणि 1974 मधल्या त्याच्या पुस्तकाचं नावसुद्धा फ्रेरीच्या पुस्तकाच्या नावाशी जुळणारं आहे. पेरूमध्ये काम करताना तो प्रसंग दाखवून प्रेक्षकांना उपाय विचारायचा आणि नट तो करून दाखवायचे. विषय होता फसवणाऱ्या नवऱ्याचा. प्रेक्षकांतली एक बाई म्हणाली त्याच्याशी स्पष्ट बोला. नटीने स्पष्ट बोलून दाखवलं, बाईला पटेना, पुन्हा करून दाखवलं, तरी पटेना. शेवटी बोआल म्हणाला तुम्हीच या वर. ती आली, झाडू उचलला आणि नवरा झालेल्या नटाला चोपायला सुरुवात केली! आपण ज्याला 'स्पष्ट बोलणं' समजत होतो ते तिच्या लेखी काय होतं हे दुसऱ्या कुणाला सांगताच आलं नसतं. फोरम थिएटर, म्हणजे प्रेक्षकाने स्वतः वर येऊन प्रसंग बदलून दाखवायचा हा प्रकार, तिथून आला. पुढे 1993 ते 1996 बोआल रिओच्या नगरपालिकेत निवडून आलेला सदस्य होता, अशाच प्रयोगांतून निघालेल्या मागण्यांचे प्रस्ताव त्याने मांडले आणि त्यातले 13 कायदे झाले. समीक्षकाने नंतर चिकटवलेली गोष्ट असं याला म्हणता येईल का?

उलटा प्रवास पण झालाय, तत्त्वज्ञानानेच नाटकाकडून उसनं घेतलंय. ऑस्टिन नावाच्या इंग्लिश तत्त्वज्ञाने सांगितलं की काही वाक्यं बोलणं म्हणजेच काम करणं असतं, वचन देणं, लग्न लावणं वगैरे, पण रंगमंचावर नटाने तेच म्हटलं तर ते पोकळ, म्हणून त्याने नाटक हिशेबातून काढून टाकलं. फ्रेंच तत्त्वज्ञ देरिदाने 1971 च्या एका व्याख्यानात बोट ठेवलं की पुन्हा पुन्हा म्हणता येतं म्हणूनच तर असं वाक्य मुळात चालतं, मग नट जे करतो ते बाजूला कसं काढणार? आणि 1988 मध्ये अमेरिकन तत्त्वज्ञ ज्युडिथ बटलरने बाई असणं पुरुष असणं हे रोजच्या कृतींच्या आवृत्तीतून घडतं हा निबंध छापला तो 'थिएटर जर्नल' या नाटकाच्या नियतकालिकात. त्यात एक फार नेमकं निरीक्षण आहे, बाईचे कपडे घातलेला पुरुष रंगमंचावर दिसला तर टाळ्या मिळतात, तोच बसमध्ये शेजारी येऊन बसला तर भीती वाटू शकते, राग येऊ शकतो. कृती तीच, पण रंगमंचावर 'हे नाटक आहे' म्हणून सुटका करून घेता येते, बसमध्ये घेता येत नाही. आजचे कितीतरी परफॉर्मन्स आर्टिस्ट रंगमंच आणि बस यांच्यातली हीच रेषा मुद्दाम पुसतात आणि प्रेक्षक अस्वस्थ होतात ते त्यामुळे.

फ्रेंच तत्त्वज्ञ जाक रान्सिएरचा आक्षेप मात्र या सगळ्यावर लागू करून बघायला हवा. 2004 च्या एका व्याख्यानात तो म्हणाला की ब्रेश्त काय आणि फ्रेंच रंगकर्मी आर्तो काय, दोघंही गृहीत धरतात की खुर्चीत बसलेला माणूस निष्क्रिय आहे आणि त्याला जागं करायची जबाबदारी आपली आहे. पण बघणारा निवडत असतो, ताडून बघत असतो, आपल्या आयुष्याशी जोडत असतो, मग वरून कुणी उठवायची गरज काय? हल्ली प्रेक्षकाला हात धरून वर ओढणारे, अंधारात पळवणारे प्रयोग बघताना मला रान्सिएर आठवतो, कारण हालचाल झाली म्हणजे विचार झाला असं मानून चाललेलं असतं. मात्र बोआलला हा आक्षेप पुरता लागत नाही असं माझं ठाम मत आहे. त्या झाडूवाल्या बाईला कुणी जागं केलेलं नव्हतं, ती आधीपासून जागी होती आणि खुर्चीत बसून नटीच्या चुका काढत होती, बोआलने फक्त जागा सोडली.