वाचकांचे प्रश्न : चार घोड्यांवर उभा असलेला नफा

घोड्यांच्या रेसच्या सिस्टिम (पैसे लावायचा घोडा निवडण्याचे ठरावीक नियम) तपासण्याबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी पाच या अंकात घेतले आहेत. सगळे भाव दशांश पद्धतीने, मूळ रक्कम धरून दिले आहेत : भाव ५.० म्हणजे १ एकक लावलं आणि घोडा जिंकला तर ५ एकक हातात येतात. वेगळं सांगितलं नसेल तिथे डाव ‘विन’चा (घोडा पहिलाच यायला हवा) आणि दर वेळी सारख्याच रकमेचा समजावा.

प्रश्न : मागच्या दोन वर्षांच्या रेस तपासून चार नियमांची सिस्टिम बांधली आहे. घोडा मागच्या रेसमध्ये पहिल्या तिघांत आलेला हवा, २१ दिवसांच्या आत पुन्हा उतरलेला हवा, अंतर तेच हवं आणि जॉकीही तोच. २०० डावांत ४४ घोडे जिंकले, जिंकलेल्यांचा सरासरी भाव ५.०. म्हणजे २२० एकक परत, १० टक्के नफा. आता खरे पैसे लावायला हरकत आहे का?

उत्तर : हरकत आहे, आणि ती तुमच्याच आकड्यांत दिसते. सरासरी भाव ५.० असेल तर २०० डावांत ४० विजय मिळाले की हिशेब बरोबरीत सुटतो. तुमचे ४४ आले. म्हणजे अख्खा नफा चार घोड्यांवर उभा आहे. २२ टक्के घोडे जिंकणाऱ्या सिस्टिमचे २०० डाव पुन्हा पुन्हा खेळले, तर विजयांचा आकडा निव्वळ योगायोगाने सहाएक इकडेतिकडे होतो. चार हा फरक त्या हेलकाव्यात सहज बुडतो. टक्क्यांत बोलायचं तर १० टक्के नफ्यामागे प्रमाणित त्रुटी (योगायोगाच्या हेलकाव्याचं माप) सुमारे १४.६ टक्के आहे. याच भावाला १० टक्के नफा त्रुटीच्या दुप्पट व्हायला साधारण १,७०० डाव लागतात.

आता यादी उघडून सर्वांत मोठा विजय शोधा. समजा तो ३४.० भावाचा निघाला. तो एक डाव बाजूला काढला की उरले १९९ डाव आणि परत आले १८६ एकक, म्हणजे १३ एककांचा तोटा. शिवाय असा एखादा मोठा भाव यादीत असला की त्रुटी १४.६ वर थांबत नाही, २१ टक्क्यांच्या घरात जाते. सर्वांत मोठे एक-दोन विजय काढून पाहणं ही दोन मिनिटांची तपासणी आहे. ती आधी करावी, बाकीचं नंतर.

दुसरा मुद्दा अधिक महत्त्वाचा. २१ दिवस हा आकडा आला कुठून? १४, १८, २५, ३० हेही करून पाहिले असतील. चार नियम आणि प्रत्येकाचे पाच पर्याय म्हटले तर ६२५ सिस्टिम होतात. त्यातली सर्वोत्तम निवडली की ती नफ्यात असणारच, नियमांत काही अर्थ असो वा नसो. एकमेकांशी संबंध नसलेल्या २० निरुपयोगी नियमांची चाचणी ५ टक्क्यांच्या कसोटीवर (निरुपयोगी नियम योगायोगाने शंभरात पाचदा ‘पास’ होतो अशी) घेतली, तर निदान एक तरी ‘पास’ होण्याची शक्यता ६४ टक्के असते. म्हणून करून पाहिलेला प्रत्येक पर्याय लिहून ठेवा, टाकून दिलेलेसुद्धा. शेजारचे आकडेही तपासा. २१ दिवसांना नफा आणि १९ किंवा २३ दिवसांना मोठा तोटा असेल, तर त्या नियमात घोड्याबद्दल काही नाही, फक्त तुमच्या डेटाबद्दल आहे.

नीट करायचं तर रेस तारखेच्या क्रमाने तीन भागांत वाटा. सर्वांत जुन्या ६० टक्क्यांवर नियम बांधा, पुढच्या २० टक्क्यांवर दोन-तीन पर्यायांतून एक निवडा आणि शेवटचे २० टक्के एकदाच, अगदी एकदाच उघडा. तो निकाल पाहून नियम बदललात, तर तो भागही वापरून झाला. नव्या नियमासाठी नव्या रेस लागतील. वाटणी चिठ्ठ्या टाकून करू नका. तसं केलं तर एकाच घोड्याच्या मागच्या-पुढच्या रेस दोन्हीकडे विखुरतात आणि पुढचं माहीत असताना मागचं ‘ओळखल्या’सारखं होतं.

प्रश्न : स्प्रेडशीटमध्ये कोणते रकाने ठेवावेत? माझ्या शीटमध्ये सिस्टिम भरघोस नफा दाखवते, पण प्रत्यक्ष रेसच्या दिवशी तसं काही होत नाही.

उत्तर : एका घोड्याची एका रेसमधली धाव म्हणजे एक ओळ. तारीख, रेस क्रमांक, घोड्याचं नाव, प्रत्यक्ष धावलेल्या घोड्यांची संख्या, अंतर, ट्रॅकची स्थिती, वजन, ड्रॉ (सुरुवातीच्या गेटचा क्रमांक), जॉकी, ट्रेनर, रेसच्या आधीचं रेटिंग (घोड्याच्या क्षमतेचा अधिकृत आकडा), मागच्या धावेपासूनचे दिवस, नोंद केली त्या वेळचा भाव, शेवटचा भाव, घोडा कितवा आला, परत आलेली रक्कम. रेसमधले सगळे घोडे हवेत, फक्त तुम्ही निवडलेले नकोत. ते का, हे पुढच्या उत्तरात येतं.

शीटमध्ये नफा आणि मैदानावर तोटा, याचं नेहमीचं कारण म्हणजे उद्याची माहिती आजच्या ओळीत शिरलेली असते. रेटिंग हे ठळक उदाहरण. समजा घोडा ६२ च्या रेटिंगवर धावला, जिंकला आणि हँडिकॅपरने (रेटिंग ठरवणाऱ्या अधिकाऱ्याने) रेटिंग ६९ केलं. तुम्ही डेटा महिनाभराने उतरवून घेतलात आणि त्या ओळीत ६९ आला. आता ‘वजनाच्या मानाने रेटिंग जास्त’ असा नियम लावला की हा घोडा बरोबर निवडला जातो, कारण जिंकल्याची खूण त्याच्या अंगावर आधीच आहे. ट्रेनरच्या यशाची टक्केवारीही अशीच फसवते : हंगामाचा अखेरचा आकडा पहिल्या महिन्याच्या ओळीत टाकला, तर त्यात त्या ओळीतला विजयसुद्धा मोजलेला असतो. तिसरी गळती ‘फेव्हरिट’ (सर्वांत कमी भावाचा घोडा) या शब्दातून होते. शेवटच्या भावाने कोण फेव्हरिट ठरला हे गेट उघडेपर्यंत कळत नाही, आणि शेवटच्या काही मिनिटांत पहिला-दुसरा बदलणं अगदी नेहमीचं.

गळती पकडायची एक पक्की रीत आहे. मधली एक तारीख घ्या आणि त्यानंतरच्या सगळ्या ओळी फाइलमधून काढून टाका. मग हिशेबाचे सगळे रकाने पुन्हा चालवून त्या तारखेपर्यंतची निवड काढा. पूर्ण फाइलवरची निवड आणि ही निवड नावानिशी तंतोतंत जुळायला हवी. एक जरी घोडा वेगळा निघाला, तरी कुठला तरी रकाना पुढचं पाहतो आहे. पण ही रीत फक्त शीटमध्ये मोजलेल्या रकान्यांसाठी आहे. उतरवून घेतलेल्या रेटिंगसारख्या गोष्टी त्या दिवशीच्या रेसकार्डाशी पडताळाव्या लागतात. निदान पन्नास ओळी तरी हाताने जुळवून पाहाव्यात.

बारीकसारीक गोष्टीही आकडा हलवतात. घोडा मागे घेतला गेला तर डाव परत, तो मोजणीत धरू नये. पण तो मागे गेल्यावर तुमच्या नियमात दुसराच घोडा बसतो का, हे पाहावं. शिवाय ठरलेल्या भावाने घेतलेल्या इतर डावांवर कपात लागू शकते. डेड हीटमध्ये (दोन घोडे बरोबरीने पहिले आले तर) ठरलेल्या भावाने अर्ध्या रकमेचे पैसे मिळतात : १ एकक ६.० ला लावलं असेल तर ६ नव्हे, ३ परत. टोटचा (सगळ्यांचे पैसे एका ‘पूल’मध्ये जमवून, कपात करून विजेत्यांत वाटण्याच्या पद्धतीचा) डिव्हिडंड, म्हणजे एका एककामागे मिळणारी रक्कम, मात्र ही वाटणी करूनच जाहीर होतो, तिथे पुन्हा निम्मं करू नका.

प्रश्न : चाचणीत भाव कोणता धरावा? आणि नफा नाही तर निदान ‘सिस्टिममध्ये दम आहे’ हे कशावरून ओळखावं?

उत्तर : जो भाव तुम्हाला खरोखर मिळाला असता तोच. दिवसभरातला सर्वांत चांगला भाव धरून केलेली चाचणी रद्दी समजावी. तो भाव थोडाच वेळ आणि थोड्याच रकमेला असतो. निवड रेसच्या दहा मिनिटं आधी होत असेल तर त्या क्षणाचा भाव नोंदवा. निवड शेवटच्या भावावर अवलंबून असेल, तर ती सिस्टिम कागदावरच चालते.

टोटवर खेळणाऱ्यांनी स्वतःच्या पैशाचं वजनही मोजावं. पूलमध्ये १,००,००० एकक आहेत, कपात २० टक्के, तुमच्या घोड्यावर १०,००० लागले आहेत. डिव्हिडंड ८०,००० भागिले १०,००० म्हणजे ८.०. आता तुम्ही १,००० लावले : वाटायची रक्कम ८०,८००, घोड्यावर ११,०००, डिव्हिडंड ७.३५. मोठ्या पूलमध्ये हे जाणवत नाही, छोट्या पूलमध्ये कागदावरचा नफा इथेच संपतो. डिव्हिडंड खालच्या टप्प्याला उतरवून देण्याची रीत असेल तर तीही हिशेबात घ्या.

‘दम’ ओळखायला नफ्यापेक्षा विजयांची अपेक्षित संख्या जास्त भरवशाची. सहा घोड्यांचे भाव २.५, ४, ५, ८, ११ आणि १७ आहेत. प्रत्येकाचा व्यस्त (१ भागिले भाव) काढून बेरीज केली तर सुमारे ११२.५ टक्के येते. वरचे साडेबारा टक्के हा बुकीचा वाटा. २.५ भावाच्या घोड्याचे ४० टक्के या बेरजेने भागले की ३५.६ टक्के ही बाजाराने धरलेली शक्यता मिळते. सगळ्या घोड्यांच्या ओळी हव्यात त्या यासाठी. निवडलेल्या घोड्यांच्या अशा शक्यतांची बेरीज म्हणजे अपेक्षित विजय. पहिल्या प्रश्नातल्या २०० डावांची बेरीज समजा ४१.५ आली, तर ४४ भागिले ४१.५ म्हणजे १.०६. बाजारापेक्षा किंचित सरस, पण साडेबारा टक्के भरून काढायला हे गुणोत्तर १.१२५ च्या वर हवं. काय-स्क्वेअर (फरक योगायोगाचा असू शकतो का हे पाहणारी चाचणी) लावलं तर ०.१९ मिळतात, आणि ५ टक्क्यांच्या कसोटीला ३.८४ लागतात. ३४.० चा एक विजय नफ्याचा आकडा फुगवतो. या गुणोत्तरात तो फक्त एक विजय असतो.

तुलना करताना भावाचा गट तोच ठेवा. लांब भावाच्या घोड्यांवर लोक गरजेपेक्षा जास्त पैसे लावतात, फेव्हरिटवर कमी. हा कल १९४९ मध्येच मानसशास्त्रज्ञ ग्रिफिथ यांनी दाखवला होता आणि तो बहुतेक ठिकाणी आढळतो, हाँगकाँगसारखे अपवाद सोडून. त्यामुळे फक्त छोट्या भावाचे घोडे उचलणारी सिस्टिम ‘सरासरीपेक्षा कमी तोटा’ दाखवते, पण त्यात नियमांचं श्रेय काहीच नसतं. खात्री करायची तर त्याच रेसमधून, त्याच भावगटातला कुठलाही घोडा चिठ्ठीने उचलून अशा १,००० यादृच्छिक सिस्टिम बनवा. त्यांतल्या ५० हून अधिक तुमच्यापेक्षा सरस निघाल्या, तर नियम काही सांगत नाहीत.

प्रश्न : हरल्यावर रक्कम दुप्पट करत गेल्यास नुकसान भरून निघतं, मग चाचणीची गरज काय?

उत्तर : १ एककापासून सुरुवात करून सलग दहा डाव हरलात तर १,०२३ एकक गेलेले असतात आणि अकरावा डाव १,०२४ चा असतो, २.० भावाला मागचं भरून काढून १ एकक मिळवण्यासाठी. डाव तोट्याचा असेल तर रक्कम कशीही वरखाली केली तरी तो नफ्याचा होत नाही. चाचणी समान रकमेवरच घ्या.

प्रश्न : नियम गोठवून कागदी चाचणी (खरे पैसे न लावता) सुरू केली. यशाची अपेक्षा २० टक्के धरली होती. ३०० डाव झाले आणि मध्ये सलग १९ घोडे हरले. सिस्टिम बंद करावी का?

उत्तर : एवढ्यावरून नाही. पाचातला एक जिंकणाऱ्या सिस्टिमला ३०० डावांत सलग १९ हार येण्याची शक्यता निम्म्याहून थोडी जास्तच आहे. हजार डावांत सर्वांत लांब मालिका पंचविसाच्या आसपास जाते. हा आकडा सुरुवात करण्याआधीच काढून ठेवावा, म्हणजे मालिका चालू असताना नियमांना हात लागत नाही. पंधराव्या हारेनंतर ‘ओल्या ट्रॅकवर नको’ अशी पोटकलमं घालायचा मोह होतो, आणि त्या क्षणी गोठवलेली सिस्टिम संपलेली असते.

मालिकेपेक्षा दोन गोष्टी बघा. पहिली, प्रत्यक्ष आणि अपेक्षित विजयांचं गुणोत्तर. दुसरी, तुमचा नोंदवलेला भाव आणि शेवटचा भाव. तुम्ही ६.० नोंदवला आणि शेवटी ५.० झाला, असं बहुतेक वेळा होत असेल तर पैसा तुमच्या मागून त्याच घोड्यावर येतो आहे; ही खूण शंभर-दोनशे डावांतही दिसू लागते. उलट भाव सतत वर सरकत असेल, तर बाजाराला तुमच्या घोड्याबद्दल असं काही कळतं आहे जे नियमांत नाही. बाजाराचं मत फेकून देण्यासारखं नसतं. हाँगकाँगच्या रेसवर संगणकी पद्धतीने काम करणाऱ्या विल्यम बेंटर यांनी १९९४ मध्ये आपली पद्धत प्रसिद्ध केली. तिच्या गाभ्यातही स्वतःच्या मॉडेलची शक्यता आणि लोकांनी लावलेल्या भावातून निघणारी शक्यता एकत्र केलेली आहे. मॉडेल ज्या घोड्याला बाजारापेक्षा फार वर धरतं, तो मॉडेल म्हणतं तितक्या वेळा जिंकत नाही, हे त्यामागचं कारण.

नोंद रेसच्या आधी, वेळेसह करा आणि नंतर खोडू नका. हुकलेला डावही ‘हुकला’ म्हणून लिहा, कारण आठवणीत नेमके हरलेलेच डाव हुकलेले असतात. थांबण्याचा आकडा आजच ठरवा : १,००० डावांनंतर गुणोत्तर १.० च्या खाली असेल तर बंद. तोवर पुढचे ७०० डाव कागदावरच राहू द्या.